एका लाकडाचे धनुष्य हाताने घडवताना

धनुष्य ओढले की लाकडाच्या एकाच पट्टीत परस्परांच्या विरुद्ध अशा दोन गोष्टी घडतात. लक्ष्याकडे तोंड असलेल्या बाजूचे लाकूड ताणले जाते आणि तिरंदाजाकडे तोंड असलेल्या बाजूचे दाबले जाते. या लेखात पहिल्या बाजूला धनुष्याची पाठ आणि दुसऱ्या बाजूला पोट म्हटले आहे. ताण सोसवला नाही तर पाठीचे तंतू तुटतात आणि धनुष्य क्षणात मोडते. दाब सोसवला नाही तर पोटाचे तंतू चुरगळतात, धनुष्य मोडत नाही, पण दोरी उतरवल्यावरही ते वाकलेलेच राहते. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक कृती या एका गोष्टीतून निघते. पाठ झाडाकडून जशी मिळेल तशी अखंड राखायची आणि घडवण्याचे सगळे काम पोटाकडून व कडांकडून करायचे.

येथे वर्णन केले आहे ते एकाच लाकडातून काढलेल्या, ताठ मुठीच्या आणि रुंद, चपट्या भुजांच्या (म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांच्या) धनुष्याचे. ओढीची लांबी, म्हणजे बाण सोडण्यासाठी दोरी जेथवर मागे खेचायची ते अंतर, २८ इंच किंवा सुमारे ७१ सेंटिमीटर, आणि त्या ओढीला लागणारे बळ ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, असे गृहीत धरले आहे. धनुष्याचे बळ जगभर पौंडांत आणि ओढ इंचांत सांगण्याची रीत असल्याने ही दोन मापे तशीच ठेवली आहेत. अरुंद आणि जाड भुजांचे इंग्लिश पद्धतीचे लांब धनुष्य अनेकांना अधिक मोहवते; १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर तशी दीडशेहून अधिक धनुष्ये सापडली, आणि त्यांची लांबी साधारण दोन मीटर आहे. मात्र ती यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची आहेत. यूचे लाकूड जेवढा दाब सोसते तेवढा बहुतेक लाकडे सोसत नाहीत, म्हणून सामान्य लाकडाचे पहिले धनुष्य करताना रुंद आणि चपटी भुजाच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडाची निवड

अॅश, एल्म, हिकरी, ब्लॅक लोकस्ट, ओसेज ऑरेंज, मेपल, हेझेल आणि यू ही धनुष्यासाठी पारखलेली लाकडे आहेत. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत सापडलेले सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे धनुष्य एल्मचे आहे आणि त्याच्या भुजा रुंद आहेत. यावरून हा घाट किती जुना आहे हे लक्षात येते. तरीही झाडाच्या जातीपेक्षा त्या विशिष्ट खोडाचा सरळपणा अधिक महत्त्वाचा असतो. सामान्य जातीचे पण तंतूंच्या सरळ रेषांचे लाकूड नामांकित जातीच्या वाकड्या, गाठाळ लाकडापेक्षा केव्हाही बरे.

खोड १० ते २० सेंटिमीटर व्यासाचे आणि किमान १८० सेंटिमीटर लांबीपर्यंत फांद्यांविना वाढलेले असावे. सालीवरच्या भेगा खोडाभोवती मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या दिसल्या, तर आतले तंतूही तसेच पिळलेले असतात आणि ते लाकूड चिरताना पंख्याच्या पात्यासारखे वळते. असे खोड सोडून द्यावे. साल एखाद्या ठिकाणी डोळ्यासारखी फुगलेली किंवा खोलगट दिसत असेल, तर आत मिटलेल्या फांदीची गाठ असण्याची शक्यता फार.

खोड मिळण्याजोगे नसेल तर कापलेली फळीही चालते, परंतु ती निवडताना घाई करू नये. फळीच्या रुंद बाजूवरील रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेबाहेर न जाता धावल्या पाहिजेत आणि अरुंद कडेवरील रेषांनीही तसेच केले पाहिजे. शंभर फळ्या उलटून पाहिल्यावर एखादी अशी सापडते. फळीच्या पाठीवर खबरदारी म्हणून तागाचे कापड सरसाने चिकटवण्याची रीत आहे. त्यामुळे वर येऊ पाहणारी साळ, म्हणजे पृष्ठभागापासून सुटणारा लाकडाचा कुसळासारखा तुकडा, दबून राहते. मुळात तिरप्या रेषा असलेली फळी मात्र कापडाने सुधारत नाही.

तोड, चिरणे आणि वाळवणे

खोड तोडल्यावर त्याची दोन्ही टोके त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, मेण, जाड रंग किंवा लाकडाचा सरस लावून बंद करावीत. ओले लाकूड टोकांकडून सर्वांत वेगाने पाणी सोडते, तेथे ते आकसते आणि आतला भाग अजून फुगलेलाच असल्याने टोकाला तडे जातात. हे तडे काही दिवसांत हातभर आत शिरतात आणि मग उरलेली लांबी धनुष्याला पुरत नाही.

ओंडका करवतीने न कापता पाचरी आणि घण वापरून चिरावा. करवत आपल्या मर्जीने सरळ जाते, पाचर लाकडाच्या मर्जीने जाते. आणि लाकडाचे तंतू कुठून कुठे धावतात हे पाचरीइतके प्रामाणिकपणे कोणी सांगत नाही. टोकाच्या मध्यावर पहिली पाचर ठोकावी, भेग लांबेल तशी कडेने पुढची पाचर बसवावी आणि दोन फाकांना जोडून ठेवणारे आडवे तंतू कुऱ्हाडीने तोडावेत. १० ते १२ सेंटिमीटरच्या खोडातून एक किंवा दोन आणि २० सेंटिमीटरच्या खोडातून चार फाका मिळतात. फाकेचा बाहेरचा, सालीकडचा भाग पुढे पाठ होणार असल्याने तो खाली आपटणार नाही याची काळजी घ्यावी.

वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना तोडलेल्या खोडाची साल हाताने सोलता येते आणि खाली गुळगुळीत, तयार पाठ मिळते. परंतु अशी उघडी पडलेली ओली पाठ जलद वाळून फुटते, म्हणून तिच्यावर लगेच लाखेचे पॉलिश किंवा पातळ केलेला सरस फिरवावा. थंडीत तोडलेल्या खोडाची साल घट्ट असते. ती वाळेपर्यंत तशीच राहू द्यावी.

आख्खी फाक सावलीत वाळण्यास दर इंच जाडीला सुमारे एक वर्ष लागते असा ठोकताळा आहे. इतके थांबायचे नसेल तर फाक ओली असतानाच धनुष्याच्या ढोबळ आकाराला तासून घ्यावी, एखाद्या सरळ जाड फळीला ठिकठिकाणी बांधावी आणि हवा खेळती असलेल्या, ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. बारीक झालेले लाकूड काही आठवड्यांत ते काही महिन्यांत वाळते. ते वाळले की नाही हे बोटांनी कळत नाही, काट्यावर कळते. दर आठवड्याला वजन करून लाकडावरच लिहून ठेवावे आणि लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन उतरले नाही की पुढचे काम हाती घ्यावे. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण ८ ते १० टक्के असणे उत्तम. त्याहून बरेच ओले असेल तर धनुष्य लवकर कायमचे वाकते, फारच कोरडे असेल तर ते ठिसूळ होते.

पाठ

झाडाच्या आडव्या कापात दिसणाऱ्या प्रत्येक वार्षिक वलयाचे दोन थर असतात. ऋतूच्या आरंभी वाढलेला थर सच्छिद्र व नाजूक असतो आणि नंतर वाढलेला थर घट्ट व चिवट असतो. अॅश, एल्म, हिकरी, ओसेज ऑरेंज यांसारख्या लाकडांत हा भेद डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पाठीचा पृष्ठभाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वलयाच्या घट्ट थराचा असला पाहिजे. मध्येच ते वलय कापले जाऊन खालचे वलय उघडे पडले, तर तेथील तंतू तुटलेले असतात आणि ओढ वाढली की साळ तेथूनच उचलते. माझ्या एका धनुष्यावर नखाएवढी अशी जागा राहिली होती. ती मला दिसली होती, आणि एवढ्याने काय बिघडते असे म्हणून मी ती सोडून दिली होती. धनुष्य २४ इंचांवर नेमके तेथूनच गेले.

अॅश, एल्म, हिकरी, मेपल यांसारख्या फिकट लाकडांत सालीखालचे पहिलेच वलय पाठ म्हणून वापरता येते, त्यामुळे साल आणि आतली पातळ अंतर्साल काढली की पाठीचे काम संपते. अंतर्साल शेवटी बोथट पात्याने किंवा ओल्या कापडाने घासून काढावी, धारदार पाते तेथे लावूच नये. ओसेज ऑरेंज आणि ब्लॅक लोकस्टमध्ये बाहेरचे फिकट रसकाष्ठ काढून आतल्या गाभ्याच्या लाकडातील एखादे जाड वलय शोधावे लागते. त्यासाठी दोन मुठींचे ओढते पाते, म्हणजे ड्रॉ-नाइफ, सर्वांत सोयीचे. वरचे घट्ट वलय तासत गेले की पात्याखाली सच्छिद्र थर येतो आणि आवाज बदलतो. गुळगुळीत सरकणारे पाते करकर वाजू लागते. तो करकरता थर खरडणीने साफ केला की खाली हवे ते वलय उघडे पडते. गाठीभोवती वलय टेकडीसारखे वर उचललेले असते, तेथे ती टेकडी सपाट न करता तिच्या चढउताराप्रमाणे पाते फिरवावे. हे काम तिरप्या उजेडात करावे आणि थकल्यावर थांबवावे. यूच्या बाबतीत मात्र ५ ते ७ मिलिमीटर जाडीचे पांढरे रसकाष्ठ पाठीवर मुद्दाम राखतात, कारण ते ताण चांगला सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब. यूचा भुसा विषारी असतो, त्यामुळे तोंडावर मास्क बांधल्याशिवाय त्या लाकडाला हात घालू नये.

आराखडा

धनुष्याची लांबी ओढीच्या लांबीच्या दुपटीहून थोडी अधिक असावी. ताठ मूठ वाकत नाही, म्हणून तिच्या वाट्याचे वाकणे भुजांवर पडते. यासाठी दुपटीत आणखी १२ इंचांपर्यंत भर घालावी. २८ इंच ओढीला ६८ इंच, म्हणजे सुमारे १७३ सेंटिमीटर लांबी पहिल्या प्रयत्नाला सुरक्षित ठरते. आखूड धनुष्य चपळ असते हे खरे, पण ते चुकीला माफी देत नाही.

पाठीवर मध्यरेषा आखताना दोन टोकांमध्ये दोरा ताणून ती सरळ काढण्याचा मोह आवरावा. तंतू एखाद्या ठिकाणी थोडे नागमोडी गेले असतील, तर मध्यरेषा आणि पुढे दोन्ही कडा त्यांच्यासोबत नागमोडी जाऊ द्याव्यात. टोके आणि मुठीचा मध्य एका सरळ रेषेत आले म्हणजे पुरे. मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मूठ आखावी आणि तिच्या दोन्ही अंगांना ५-५ सेंटिमीटर उतारासाठी ठेवावेत, ज्यात मुठीची जाडी भुजेच्या जाडीत हळूहळू मिसळते. मूठ सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड असावी. उतार संपतो तेथे भुजा ४८ मिलिमीटर रुंद असावी, ही रुंदी निम्म्या भुजेपर्यंत कायम राहावी आणि तेथून टोकाकडे निमुळती होत जावी. टोक अखेरीस १२ मिलिमीटर रुंद होणार असले तरी सध्या ते २० मिलिमीटर ठेवावे. दोरी एका अंगाला सरकत असेल तर टोकाच्या एका कडेचे लाकूड काढून ती मध्यावर आणण्याची सोय त्यामुळे राहते.

करवत, कुऱ्हाड किंवा वाकसाने रेषेबाहेरचे लाकूड काढावे आणि रेषेजवळ आल्यावर रंधा व जाड दातांची कानस वापरावी.

जाडी उतरवणे

येथे थोडे गणित जाणून घेणे उपयोगी पडते. भुजेचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४८ मिलिमीटर रुंदीतून १ मिलिमीटर काढला तर ताठपणा जेमतेम २ टक्क्यांनी घटतो. १५ मिलिमीटर जाडीतून तेवढाच १ मिलिमीटर काढला तर तो जवळजवळ १९ टक्क्यांनी घटतो. म्हणूनच पोटावर काम करताना ओबडधोबड हत्यारे लवकर बाजूला ठेवावी लागतात.

भुजेच्या दोन्ही कडांवर पाठीपासून मोजून जाडीची रेषा काढावी: मुठीच्या उताराजवळ १८ मिलिमीटर आणि टोकाकडे १४ मिलिमीटर. मधले बोट पाठीवर टेकवून आणि पेन्सिल अंगठ्यात धरून हात सरकवला की रेषा पाठीच्या चढउतारांसोबत आपोआप वरखाली होते. पट्टीने काढलेली सरळ रेषा येथे चुकीची ठरेल, कारण पाठ जेथे उंचावते तेथे पोटानेही तिच्यामागे गेले पाहिजे, नाहीतर भुजा तेथे पातळ होते.

आता पोट एकदम सपाट तासायला जाऊ नये. प्रथम एका कडेच्या रेषेपासून मध्याकडे चढत जाणारा तिरपा उतार तासावा, मग दुसऱ्या कडेने तसाच, म्हणजे पोटावर कौलारू छपरासारखी धार उभी राहते. दोन्ही कडा नेमक्या रेषेला आल्यावर ती मधली धार रंध्याने उतरवावी. या पद्धतीत पलीकडच्या कडेचे लाकूड ढलपीसह उपटून निघण्याचा धोका राहत नाही. पाते नेहमी मुठीकडून टोकाकडे चालवावे. ते लाकडात घुसू लागले तर तेथे तंतूंच्या रेषा उलट्या आहेत असे समजून दिशा बदलावी. गाठीभोवती लाकूड थोडे जास्त ठेवावे.

दोन्ही भुजा रेषेपर्यंत आल्या की धनुष्याचे एक टोक जमिनीवर टेकवून, वरचे टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मुठीवर दाबावे आणि भुजा कशी वाकते ते वरून पाहावे. आरंभी ती वाकतच नाही. पोटावरून लांबच लांब, सारखे किस काढत आणि वारंवार दाबून पाहत राहिले की काही वेळाने ती मोजकी वाकू लागते. दोन्ही भुजा सारख्या जोराने ८ ते १० सेंटिमीटर वाकू लागल्या की दोरी लावण्याची वेळ आली. पाठीच्या दोन्ही कडा येथपर्यंत तीक्ष्ण राहिल्या असतील तर आताच कानशीने गोल कराव्यात. साळ उचलण्याची सुरुवात बहुधा अशा कोपऱ्यातून होते.

दोरी अडकवण्याच्या खाचा करण्यासाठी सुमारे ४ मिलिमीटरची गोल कानस घ्यावी. टोकापासून २ सेंटिमीटर आत, दोन्ही कडांवर, पोटाकडे येताना मुठीच्या दिशेने तिरप्या होत जाणाऱ्या ३ मिलिमीटर खोल खाचा पाडाव्यात. खाच पाठीवरून आडवी नेऊ नये.

वाक सारखा करणे

इंग्रजीत ज्याला टिलरिंग म्हणतात ते हे काम. धनुष्य बनते ते येथे, आणि मोडतेही बहुधा येथेच. याआधीचे सगळे सुतारकाम आहे.

भिंतीवर किंवा खांबावर छातीच्या उंचीला मूठ आडवी ठेवण्यासाठी एक भक्कम खोबण करावी, तिच्या खाली जमिनीलगत कप्पी बसवावी, आणि धनुष्याच्या दोरीला अडकवलेला दोर कप्पीतून घेऊन चार-पाच पावले दूर आणावा. मध्ये ताणकाटा अडकवला की बळ वाचता येते. दूर उभे राहिल्यामुळे दोन फायदे होतात. धनुष्य मोडले तर तुकडे अंगावर येत नाहीत, आणि दोन्ही भुजांचा आकार एका दृष्टिक्षेपात दिसतो, जो जवळून कधीच नीट दिसत नाही. मागच्या भिंतीवर आडव्या रेषा आखल्या तर उत्तम.

सुरुवातीला धनुष्याएवढ्या लांबीची, जेमतेम सैल अशी दोरी लावावी. प्रथम थोडेच ओढावे, टोके ५ सेंटिमीटर हलतील इतके, आणि पाहावे. कोणती भुजा अधिक ताठ आहे? त्या भुजेत कोणता भाग सरळच राहिला आहे? जो भाग वाकत नाही त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, धनुष्य उतरवून फक्त तेथूनच लाकूड खरडावे, आणि जो भाग जास्त वाकतो त्याला अजिबात हात लावू नये. कमकुवत जागेला बळ देता येत नाही, तिच्याभोवतालचे सगळे तिच्या पातळीवर आणावे लागते. म्हणून एका जागी बिजागरीसारखा वाक जितका लवकर दिसेल तितके कमी बळ गमवावे लागते.

लाकूड काढल्यावर लगेच निवाडा करू नये. त्याच लांबीपर्यंत २० ते ३० वेळा सावकाश ओढून सोडावे, म्हणजे तंतूंना नवी जाडी अंगवळणी पडते आणि केलेला बदल खरा दिसू लागतो. हे न करता खरडत सुटणारा माणूस आधी डावी भुजा हलकी करतो, मग उजवी तिच्या बरोबरीला आणतो, मग पुन्हा डावी, आणि ४० पौंडांचे धनुष्य २० पौंडांवर येऊन थांबते. माझी पहिली दोन धनुष्ये अशीच लहान मुलांच्या कामी आली.

या कामात दोन बंधने कधीही मोडू नयेत. भुजांत दोष दिसत असताना तो सुधारल्याशिवाय एक इंचही पुढे ओढू नये, आणि ठरवलेल्या बळापेक्षा अधिक बळाने, लांबी कितीही कमी असली तरी, ओढू नये. ४० पौंडांचे धनुष्य हवे असेल तर १५ इंचांवरच काटा ४० दाखवू लागला की थांबावे, लाकूड काढावे, व्यायाम द्यावा आणि मगच १६ इंचांकडे वळावे. दोषासकट पुढे ओढले की जास्त वाकणाऱ्या जागेतले तंतू चुरगळतात, आणि ते नुकसान नंतर आकार कितीही सुंदर केला तरी भरून निघत नाही.

चांगला वाक कसा दिसतो हे भुजेच्या घाटावर अवलंबून असते. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी निमुळती होत जाणारी भुजा वर्तुळाच्या कंसासारखी वाकली पाहिजे. आपल्या आराखड्यात निम्मी भुजा समान रुंदीची आहे, त्यामुळे मुठीजवळ वाक कमी, मधल्या आणि त्यापुढच्या भागात अधिक, आणि शेवटचे १० ते १५ सेंटिमीटर जवळजवळ ताठ असा लंबवर्तुळाकार हवा. मुठीचा उतार वाकता कामा नये.

डोळ्याला शंका वाटेल तेथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. १५ सेंटिमीटर लांबीच्या सपाट ठोकळ्याच्या मध्यावर भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवावी. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर, जेथे वाक सर्वाधिक आहे तेथे ठोकळा ठेवावा आणि पेन्सिलीचे टोक लाकडाला टेकणार नाही इतपत पुढे आणावे. मग ठोकळा भुजेवरून सरकवावा. जेथे भुजा कमी वाकलेली असते तेथे पेन्सिल लाकडाला लागते आणि रेघ उमटते. रेघ उमटली तेथेच खरडायचे. ठोकळा मुठीच्या उतारावर आणि ताठ ठेवायच्या टोकांवर मात्र चालवू नये.

लांब दोरीवर टोके सुमारे १५ सेंटिमीटर सारखी वाकू लागली की आखूड दोरी चढवावी. प्रथम मूठ आणि दोरी यांच्यात ८ ते १० सेंटिमीटर अंतर राहील इतकीच, आणि दोन्ही भुजा जुळल्यावर १५ सेंटिमीटरपर्यंत. धनुष्याच्या मुठीवर हाताची मूठ ठेवून अंगठा वर केला की तो दोरीला टेकेल, एवढे ते अंतर असते. दोरी मुठीच्या मधून जाते का हे याच वेळी पाहावे. ती एका अंगाला जात असेल तर टोकाची राखून ठेवलेली रुंदी कामी येते, आणि तेवढ्याने भागत नसेल तर त्या भागाला वाफ देऊन, दर इंच जाडीला सुमारे एक तास, क्लॅम्पने हळू वळवावे. वाफ दिलेले लाकूड पुन्हा पुरते सुकेपर्यंत ओढू नये.

या टप्प्यापासून कानस बंद आणि फक्त खरडणी, म्हणजे पोलादी पत्र्याचे स्क्रेपर. ते कागदाएवढे पातळ किस काढते आणि मागे खोल ओरखडे ठेवत नाही. एकेक इंच ओढ वाढवत जावी. खालची भुजा वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवण्याची रीत आहे, कारण बाण मध्यापेक्षा वरून सुटतो आणि मुठीवरचा हात खाली येतो. दोरी चढवलेली असताना मुठीच्या उतारांशी मोजले तर वरच्या भुजेचे दोरीपासूनचे अंतर ३ ते ६ मिलिमीटरने अधिक भरावे. ओढ २६ इंचांवर आली की मोजपट्टी बाजूला ठेवून थांबावे. पॉलिश कागद आणि पहिले शंभर-दोनशे बाण मिळून काही पौंड घेऊन जातात, आणि ते घेतल्यावर उरलेले दोन इंच सहज मिळतात.

पोटावर आडवी, केसासारखी बारीक सुरकुती दिसली तर ती चुरगळलेल्या तंतूंची खूण आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड उतरवून तेथला दाब लगेच कमी करावा. तंतूंच्या दिशेने गेलेली उभी चीर मात्र बहुधा धोक्याची नसते. तीत पातळ सरस सोडला की काम भागते. पाठीवर आडवा तडा गेला असेल तर ते धनुष्य संपले.

दोरी

दोरीची ताकद धनुष्याच्या बळाच्या किमान चौपट असावी. पॉलिस्टरचा डॅक्रॉन धागा या कामाला योग्य आहे, कारण तो थोडा ताणला जातो आणि लाकडी टोकांना बसणारा हिसका सौम्य करतो. ४० पौंडांना १२ ते १४ पदर पुरतात. पदरांचे दोन गट करून प्रत्येक गट एका दिशेने पिळावा आणि दोन्ही गट परस्परांभोवती उलट दिशेने वळावेत, म्हणजे पीळ उलगडत नाही. वरच्या टोकाला फास वळून घ्यावा, खालच्या टोकाला ओढ बसेल तशी आवळणारी पण हाताने सुटणारी गाठ मारावी. दोरी खाचांमधील अंतरापेक्षा ७ ते ८ सेंटिमीटर आखूड असावी आणि तिच्यावर मधमाश्यांचे मेण घासावे. जेथे बाण अडकतो तेथे दहा-बारा सेंटिमीटर लांबीवर वेगळ्या धाग्याचे घट्ट वेढे द्यावेत.

पॉलिश आणि वापर

८०, १२० आणि २२० क्रमांकाचे पॉलिश कागद क्रमाने फिरवून हत्यारांच्या सर्व खुणा घालवाव्यात. पोटावरचा आडवा ओरखडाही पुढे दोषाचे ठिकाण होऊ शकतो. नंतर काचेच्या गुळगुळीत बाटलीने पाठ दाबून घासली की तंतू बसतात आणि लाकडाला मंद झळाळी येते. जवसाचे तेल दिसायला सुंदर, पण ते दमट हवा फारशी अडवत नाही, म्हणून त्यावर लाखेचे पॉलिश किंवा व्हार्निश द्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत, कारण त्या सुकताना तापून आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. मुठीला चामडे किंवा सुती दोरी गुंडाळावी.

नव्या धनुष्यावर पहिले पन्नास बाण पूर्ण ओढ न घेता सोडावेत आणि मग रोज थोडी ओढ वाढवावी. दोरी बाणाशिवाय ओढून सोडण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. एरवी बाण घेऊन जाणारी ऊर्जा तेव्हा भुजांतच परत येते आणि धडधाकट धनुष्यही मोडते. दोरी उतरवल्यावर टोके सरळ रेषेच्या मागे ३ ते ४ सेंटिमीटर वाकलेली राहिली तर ते स्वाभाविक आहे. ५ सेंटिमीटरहून अधिक असेल तर लाकूड ओले होते किंवा घाई झाली होती. नेम संपला की लगेच दोरी उतरवावी, आणि धनुष्य कोपऱ्यात उभे न करता दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे, चुलीपासून व उन्हापासून दूर.